ठिपक्यांचं कालनिर्णय

(दृश्य : रामबागेतलं जुनं घर. स्वयंपाकघराची भिंत. फ्रीजच्या बाजूला खिळ्याला टांगलेलं कालनिर्णय.)

इंदूरच्या रामबागेतलं हे घर. भिंतीवर कालनिर्णय आहे, कुठल्याही मराठी घरात असतं तसं. सिलिंडर आला त्या तारखेला 'सि', दुधाच्या खाड्यांना आडवी रेघ. आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनात, खालच्या कोपऱ्यात, निळ्या पेनाचा बारीक ठिपका.

ठिपका म्हणजे या घरातल्या काकूंच्या मुलाने त्या दिवशी व्यसनावरचं औषध घेतलं. ठिपका नाही म्हणजे घेतलं नाही. फुली म्हणजे पुन्हा गर्द ओढली. फुलीबद्दल बोलताना काकूंचा आवाज अजूनही खाली येतो.

अशी आठ वर्षांची कालनिर्णयं त्यांनी पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवली आहेत. रद्दीत द्यायला हात होत नाही म्हणतात. मुलाचं नाव आणि चेहरा या फिल्ममध्ये नाही. तो आज ३८ वर्षांचा आहे, नोकरी करतो, एवढं सांगायला त्याची हरकत नाही.

(दृश्य : मंदसौरकडचं अफूचं शेत, पांढरी फुलं, चिरा दिलेली बोंडं.)

माळव्याला अफू नवी नाही. १८१८ साली होळकर आणि इंग्रज यांच्यात मंदसौरला तह झाला आणि इंदूर राजधानी झालं. त्याच मंदसौरच्या शेतांत आजही थंडी सरताना बोंडांना चिरा देतात आणि पाझरलेला चीक खरवडून गोळा करतात. हे सगळं परवान्यावर चालतं. परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. चीक नीमचच्या सरकारी कारखान्यात जातो. तिथून औषधी मॉर्फिन, कोडीन होतं. कॅन्सरने तळमळणाऱ्या माणसाला रात्रीची झोप देणारं औषध याच बोंडातून येतं, हे विसरून या विषयावर बोलू नये असं मला वाटतं. वाट चुकवून निसटलेल्या चिकाची मात्र हेरॉइन होते, आणि तिचं भेसळीचं तपकिरी रूप म्हणजे ब्राऊन शुगर. आपण तिला गर्द म्हणतो. ओढणाऱ्याला गर्दुल्ला म्हणतो, आणि तो शब्द एकदा चिकटला की निघत नाही.

२०१९ साली सरकारने देशभराचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यात अफूपेक्षा हेरॉइन घेणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. अफूजन्य पदार्थांच्या विळख्यातून सुटायला मदतीची गरज असलेली माणसं सुमारे ७७ लाख.

त्यांतलाच एक या घरात होता. पुडी मिळाली नाही की टर्की लागायची. नाक-डोळे गळणं, उलट्या, पिंढऱ्यांत गोळे, आठवडाभर झोप नाही. घरच्यांनी त्याला एका खासगी केंद्रात ठेवलं. तीन महिन्यांनी तो गुटगुटीत होऊन परत आला. काकूंनी पुरणपोळी केली. अकराव्या दिवशी त्याच्या बाबांना न्हाणीघराचं दार फोडावं लागलं.

त्याने मुद्दाम जास्त ओढली नव्हती. पूर्वी ओढायचा तेवढीच ओढली होती. पण तीन महिन्यांत शरीराची सवय मोडलेली असते. जुना डोस आता श्वास थांबवू शकतो. म्हणून केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात घातक. ही गोष्ट त्या घराला कुणीही सांगितली नव्हती. सोडताना नाही, नंतर फोन करूनही नाही.

स्वीडनमध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या ४० जणांवर एक अभ्यास झाला, २००३ साली तो प्रसिद्ध झाला. २० जणांना वर्षभर रोज ब्यूप्रेनॉर्फिन, म्हणजे टर्की लागू न देणारं औषध, दिलं. उरलेल्या २० जणांना सहा दिवसांत औषध कमी करत नेऊन मग नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. समुपदेशन दोन्ही गटांना सारखंच. वर्षअखेर पहिल्या गटातले १५ जण उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातलं कुणीच नाही. आणि त्या २० मधले चार जण वारले होते. मी हा आकडा काकूंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ ओट्याकडे बघत होत्या.

(दृश्य : सरकारी औषध केंद्राची खिडकी. फक्त हात दिसतात.)

सिस्टर ब्यूप्रेनॉर्फिनच्या गोळ्या कुटून पूड करतात. माणूस जीभ वर उचलतो, पूड जिभेखाली जाते. मग बाकावर बसायचं, बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. चव कडू. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तोंड उघडून दाखवायचं, विरघळली की नाही. पहिली काही वर्षं काकूंचा मुलगा कामावर जाण्याआधी रोज इथे येऊन बसला. आता काही दिवसांच्या गोळ्या घरी मिळतात.

नातेवाईक म्हणतात, एक नशा सोडून दुसरी धरली. तसं नाही. पंगतीत पाट आधीच अडवलेला असला की मागून येणाऱ्याला बसायला जागा नसते. ब्यूप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागा धरून बसतं, पण एका मर्यादेपलीकडे चढत नाही. टर्की लागत नाही, किक येत नाही, आणि माणूस कामाला जाऊ शकतो.

पण वर्षाचं ठीक आहे. दहा वर्षांनी काय? वीस वर्षांनी?

कॅलिफोर्नियात १९६२ ते ६४ मध्ये सक्तीच्या उपचारांसाठी दाखल झालेल्या ५८१ हेरॉइनग्रस्त पुरुषांचा माग संशोधकांनी ३३ वर्षं ठेवला. शेवटी मोजलं तेव्हा २८४ जण मेलेले होते. जे पाच वर्षं दूर राहिले, त्यांचं पुन्हा घसरणं बरंच कमी झालं. पण पंधरा वर्षं दूर राहिलेल्यांतलेही काही, चारातला एक, परत घसरले. म्हणजे ९० दिवसांचं प्रमाणपत्र हातात देऊन 'बरा झाला' म्हणायला काही आधार नाही.

याच्या उलटही एक अभ्यास आहे. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक १९७१ मध्ये घरी परतले. त्यांतल्या बहुतेकांना व्यसन पुन्हा लागलं नाही. त्यांचा पुरवठा, त्यांची भीती, त्यांचे ओढणारे सोबती समुद्रापलीकडे राहिले होते. रामबागेतल्या मुलाला तसा समुद्र नाही. पुडी देणारा त्याच्या रोजच्या रस्त्यावर उभा असतो, आजही. म्हणून परदेशातले आकडे उचलून इथे चिकटवता येत नाहीत. इथल्या गल्लीत, इथल्या माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवायला हवा.

तो ठेवणं सोपं नाही. मोबाइल नंबर बदलतात. कुणी कामासाठी पीथमपूरला जातो, कुणी तुरुंगात, कुणी जातोच. आणि जो खरंच सुधारला, त्याला सापडायचंच नसतं. लग्न झालेलं असतं, बायकोला माहीत नसतं. दवाखान्यात पुन्हा पुन्हा येतात ते घसरलेले. डॉक्टरांना तेच दिसतात, वस्तीलाही तेच दिसतात, आणि 'हे कधी सुधारत नाहीत' हे सगळ्यांना पटत जातं. सुधारलेले मात्र बसने कामावर जात असतात, तुमच्या शेजारच्या सीटवर.

(दृश्य : पुन्हा स्वयंपाकघर. जमिनीवर ट्रंक.)

"काकू, ही कालनिर्णयं कधी कुणी बघायला मागितली?"

त्या मान हलवतात. मग सगळ्यात खालचं, पहिल्या वर्षाचं काढतात. मार्च. ठिपके तुरळक, चार फुल्या. पुढे ठिपके दाट होत जातात. जुलैत एक फुली. दिवाळीत दोन. डिसेंबरमध्ये सलग ठिपके, आणि मध्येच एक चौकोन कोरा.

"हा कसला?"

"त्या दिवशी ह्यांचं झालं."

"म्हणजे तो गेला नव्हता औषधाला?"

"गेला होता गं. सकाळी खिडकी उघडायच्या आधी जाऊन उभा राहिला, परत आला, मग खांदा दिला. मीच विसरले."

काकू ओट्यावरचं पेन उचलतात.

"आता लावला तर चालेल ना?"