आरपार : न दिसण्याची मेहनत

(दृश्य : रात्र. ओढ्यावर झुकलेलं रुंद पान. पाण्याची खळखळ.)

पनामाच्या जंगलात रात्री ओढ्याकाठच्या झाडांवर टॉर्च मारत फिरलं, की एखाद्या पानाच्या खालच्या अंगाला हा बेडूक चिकटलेला सापडतो. लांबी जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर. पाठ पोपटी. नाव काचबेडूक. शास्त्रीय नाव हायलिनोबॅट्राकियम फ्लाइशमनी, म्हणजे बेडकापेक्षा नावच लांब.

त्याला अलगद काचेवर बसवा आणि खालून बघा. पोटाला कातडी आहे की नाही, असा प्रश्न पडतो. हृदय धडधडताना दिसतं. आतड्याची वेटोळी दिसतात. मादी असेल तर पोटातली अंडीसुद्धा दिसतात.

नुसती अंडीच बघायची असतील तर पनामाला जायची गरज नाही म्हणा. रात्री खिडकीच्या काचेवर बाहेरून बसलेली पाल आतून निरखून बघा. अंड्यांवर आलेल्या पालीच्या पोटातली पांढरी अंडी कातडीतून स्पष्ट दिसतात. पण पालीला त्यातून काही साधायचं नसतं, तिची पोटाची कातडी पातळ आहे इतकंच. काचबेडकाचा मात्र त्यावर जीव अवलंबून असतो.

(दृश्य : दिवस. तेच पान, खालून. वरून ऊन झिरपतंय.)

हा बेडूक रात्री जागतो आणि दिवसा झोपतो, तोही उघड्यावर, पानाला चिकटून. वरून ऊन पडलं की पान उजळतं, आणि पानावर काहीही असलं तरी त्याची सावली उमटते. पक्षी आणि साप टपलेलेच असतात. झोपलेला बेडूक म्हणजे आयतं ताट. तेव्हा प्रकाश अंगातून आरपार जायला हवा. कातडी पातळ केली, स्नायू पारदर्शक केले, पण रक्ताचं काय करणार? तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन प्रकाश शोषून घेतं. रक्त आहे तिथे रंग आहे, आणि रक्त तर अंगभर आहे.

जेसी डेलिया आणि कार्लोस ताबोआदा या दोन जीवशास्त्रज्ञांना नेमकं हेच खटकलं. झोपलेल्या काचबेडकांच्या अंगात तांबडा रंग दिसतच नव्हता. मग रक्त गेलं कुठे?

शोधायचं तर बेडूक झोपलेलाच असायला हवा. जागा केला की तो तांबूस होतो. भूल दिली तरी तांबूसच राहतो. त्याला हात न लावता, झोपमोड न करता अंगातलं रक्त मोजायचं होतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात त्यांनी वापरलेली युक्ती ऐकण्यासारखी आहे, आणि इथे 'ऐकणं' शब्दशः घ्या. लेसरचे बारीक झोत बेडकावर सोडायचे. रक्तपेशी तो प्रकाश शोषतात, किंचित तापतात, फुगतात, आणि त्या फुगण्यातून आपल्या कानाला न ऐकू येणारा ध्वनी निघतो. तो टिपला की रक्त कुठे आहे याचा नकाशा तयार होतो.

नकाशा बघितल्यावर उत्तर मिळालं. झोपताना हा बेडूक आपल्या जवळजवळ ८९ टक्के तांबड्या पेशी यकृतात नेऊन कोंबतो. यकृतावर स्फटिकांचं आरशासारखं आवरण असतं, त्यामुळे आतला साठा बाहेरून कळत नाही. उरलेल्या अंगात फिरतं ते जवळपास बिनरंगी पाणी. बेडूक दुपटी-तिपटीने जास्त पारदर्शक होतो. संध्याकाळी उठला, हालचाल सुरू झाली, की पेशी पुन्हा रक्तवाहिन्यांत येतात. डिसेंबर २०२२ मध्ये हे संशोधन 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं.

मला स्वतःला यातला सगळ्यात चक्रावून टाकणारा भाग लपण्याचा वाटत नाही. माणसाच्या अंगात रक्तपेशी अशा एका जागी दाटल्या, तर गुठळी होऊन जिवावर बेतेल. हा प्राणी रोज पेशी कोंबतो, रोज मोकळ्या करतो, आणि त्याला काही होत नाही. बरं, त्याचं रक्त गोठतच नाही म्हणावं, तर तसंही नाही. जखम झाली की व्यवस्थित गोठतं. म्हणूनच गुठळ्यांवर काम करणाऱ्यांचंही या पोपटी बेडकाकडे लक्ष आहे.

(दृश्य : पानावरचा बेडूक वरून. पायांच्या कडा पानात विरघळल्यासारख्या.)

वरून बघितलं तर हा बेडूक काचेसारखा मुळीच दिसत नाही, पोपटीच दिसतो. पण त्याचे पाय धडापेक्षा जास्त पारदर्शक असतात. पाय दुमडून बसला की मधला हिरवा भाग कुठे संपतो आणि पान कुठे सुरू होतं, ते कळत नाही. शिकारी पक्ष्याची नजर कड शोधते, आणि इथे कडच पुसट. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इक्वादोरच्या जंगलात जिलेटिनचे नकली बेडूक पानांवर ठेवले होते, निम्मे अपारदर्शक, निम्मे अर्धपारदर्शक. पक्ष्यांनी अपारदर्शक बेडकांवर दुपटीहून जास्त वेळा चोच मारली.

(दृश्य : गरम तव्यावर फोडलेलं अंडं, अगदी जवळून.)

शरीर अपारदर्शक असतं म्हणजे नेमकं काय होतं, ते तव्यावर दिसतं. कच्च्या अंड्याचा बलक सोडला तर बाकीचं काचेसारखं. तव्यावर पडलं की पांढरं. त्यात रंग कुणी मिसळला नाही. आतली प्रथिनं उलगडून एकमेकांत गुंतली आणि त्यांचे पुंजके झाले. एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात शिरताना प्रकाश वाकतो. पुंजका, पाणी, परत पुंजका, परत पाणी, असं हजारो ठिकाणी वाकता वाकता तो विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो. आपल्या डोळ्यातलं भिंग प्रथिनांनी गच्च भरलेलं असूनही स्वच्छ असतं, कारण ती प्रथिनं नीट, एकसारखी रचलेली असतात. रचना बिघडली की मोतीबिंदू.

म्हणजे पारदर्शक व्हायला पोकळ असावं लागत नाही. अंगातले सगळे घटक प्रकाशाला सारखंच वाकवतील, एवढं जमलं पाहिजे. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी हे जिवंत उंदरावर करून दाखवलं. खाद्यपदार्थांत वापरतात तो टारट्राझीन हा पिवळा रंग पाण्यात कालवून त्यांनी उंदराच्या पोटाला चोळला. रंगामुळे कातडीतल्या पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकद, वाढला, आजूबाजूच्या प्रथिनांच्या जवळ पोचला, आणि काही मिनिटांत कातडीतून आतडी दिसायला लागली. पाण्याने धुतल्यावर उंदीर पुन्हा पहिल्यासारखा.

हवेत राहणाऱ्या प्राण्याला हे जमवणं फार अवघड, कारण हवा आणि शरीर यांच्यातला फरक मोठा. पाण्यात तो फरक थोडा. म्हणून पारदर्शक प्राण्यांचं खरं राज्य समुद्रात आहे.

(दृश्य : खुला समुद्र. खाली निळं, वर उजळ. कुठेही काही नाही.)

किनाऱ्यापासून दूर, पृष्ठभागाच्या खाली, तळाच्या कितीतरी वर. इथे खडक नाही, शेवाळ नाही, आडोसा म्हणून एक काडी नाही. उजेड वरून येतो, आणि खालून वर बघणाऱ्या माशाला वरच्या प्रत्येक प्राण्याची काळी आकृती दिसते. लपायला जागाच नाही म्हटल्यावर अनेकांनी आपलं अंगच नाहीसं केलं. साल्प (पिंपासारखे पोकळ, तरंगते प्राणी), कंगवा-जेली, बाणासारख्या अळ्या, ईल माशांची पिल्लं, कालवांचे दूरचे भाईबंद असलेले स्क्विड : कितीतरी वेगवेगळी कुळं स्वतंत्रपणे इथे पोचली.

पण प्रत्येकाच्या अंगात दोन फितूर आहेतच. डोळा आणि पोट.

कोकणकिनाऱ्यावर जाळ्यातून नुकताच काढलेला जवळा ज्यांनी बघितलाय, त्यांना डोळ्याची अडचण सांगायला नको. बाजारातल्या टोपलीत जवळा पांढरट-गुलाबी दिसतो, पण जिवंतपणी पाण्यात तो जवळपास आरपार असतो. दिसतात त्या काळ्या टिंबांच्या जोड्या. डोळा पारदर्शक करून चालत नाही. प्रकाश अडवला नाही, तर दिसणार कसं?

यावर खोल समुद्रातल्या दोन चुलतभावंडांनी अगदी उलट तोडगे काढलेत. दोघंही कोळंबीच्या दूरच्या नात्यातले. सिस्टिसोमा हा काचेसारखा प्राणी हाताच्या पंजाएवढा होऊ शकतो. त्याचं डोकं म्हणजे जवळजवळ सगळा डोळाच. त्याने डोळ्याचा पडदा इतका पातळ पसरलाय, की कुठेच ठळक डाग पडत नाही. फ्रोनिमाने उलट केलं. डोळ्याचा पडदा आकसून बारीक तांबड्या ठिपक्यांत गोळा केला, आणि वरचा प्रकाश तिथपर्यंत आणायला लांबलचक पारदर्शक नळ्या बसवल्या. या फ्रोनिमाची मादी एखादा साल्प पकडते, आतून कोरून त्याचं पिंप करते, आणि त्यात पिल्लं वाढवते. बाळंतपणाची खोलीसुद्धा आरपार.

पोटाचं दुखणं वेगळं. आपण पारदर्शक असलो तरी खाल्लेलं पारदर्शक नसतं. काच-स्क्विडची पचनग्रंथी लांबट, चातीसारखी असते. स्क्विड आडवा होवो, तिरका होवो, ती ग्रंथी मात्र उभीच राहते, म्हणजे खालून बघणाऱ्याला तिची सावली कमीत कमी दिसते. डोळ्यांखाली तो स्वतःचे दिवे लावतो आणि डोळ्यांची सावली त्या उजेडात मिटवतो. आणखी खोलात प्रश्न उलटा होतो. तिथे सावजच चमकणारं. गिळलेला प्राणी पोटात उजळला तर खाणाऱ्याचंही पितळ उघडं. त्यामुळे तिथल्या बऱ्याच पारदर्शक जेलीफिशांची जठरं गडद तांबडी असतात. खिडकीला जाड पडदा लावावा, तशी.

(दृश्य : मध्य अमेरिका. फुलावर बसलेलं फुलपाखरू. पंखांतून मागची फुलं दिसतात.)

हवेतही आणखी एक अपवाद आहे, आणि तो बघण्यासारखा आहे. ग्रेटा ओटो हे फुलपाखरू. पंखांची कड तपकिरी, मधला भाग स्वच्छ. पण नुसती स्वच्छ काच उन्हात चमकते, आणि एक चमक पक्ष्याला पुरते. हा पंख चमकत नाही. २०१५ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी दाखवलं, की पंखावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खांब दाटीने उभे आहेत, आणि त्यांची उंची मुद्दाम केल्यासारखी वेडीवाकडी आहे. त्यामुळे हवेतून पंखात शिरताना प्रकाशाला एकदम उंबरठा लागत नाही. पुढे २०२१ मध्ये दुसऱ्या एका गटाने पंखावरचा मेणचट थर काढून टाकला, तेव्हा परावर्तन अडीच पट वाढलं.

अर्थात शिकारीही स्वस्थ बसलेले नाहीत. पारदर्शक अंगातून जाताना प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरी कुठल्या दिशेत हलतात ते, बदलतं. आपल्या डोळ्यांना तो फरक कळत नाही, स्क्विडच्या डोळ्यांना कळतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ध्रुवीकृत प्रकाशात स्क्विडना पारदर्शक सावज जास्त लांबून सापडलं.

शिवाय पारदर्शकपणा एकदा मिळाला की कायमचा, असंही नाही. कॅरिबियन समुद्रात माशांच्या अंगावरची घाण साफ करणारी एक छोटी कोळंबी आहे, पेडरसनची कोळंबी. शांत असताना ती जवळपास दिसत नाही. पण धोका बघून तिने शेपटीचे झटके मारत पळापळ केली, की स्नायूंच्या तंतूंमध्ये रक्त शिरतं आणि अंग दुधाळ होतं. दमली की दिसायला लागली. नेमकं नको तेव्हा.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली ताऱ्यामाशाची अळी, पाण्यासारखी स्वच्छ.)

आता थोडं माणसाच्या नजरेबद्दल. १८८२ च्या हिवाळ्यात सिसिलीतल्या मेसिना बंदरात इल्या मेचनिकोव्ह हा प्राणीशास्त्रज्ञ मुक्कामाला होता. घरचे सगळे सर्कशीतली माकडं बघायला गेले. हा एकटा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. समोर ताऱ्यामाशाची पारदर्शक अळी, आणि तिच्या अंगात इकडून तिकडे सरकणाऱ्या पेशी. त्याच्या मनात आलं, या पेशी बाहेरून आलेल्या शत्रूशी लढत तर नसतील? बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्याने अळ्यांच्या कातडीखाली खुपसले. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पहाटे बघतो तर प्रत्येक काट्याभोवती पेशींचा घोळका. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची कल्पना तिथून सुरू झाली, आणि त्यासाठी १९०८ चं नोबेल पारितोषिक त्याला पाउल एर्लिखसोबत मिळालं. अळी अपारदर्शक असती, तर हे बघायला तिला कापावं लागलं असतं, आणि कापल्यावर सरकणाऱ्या पेशी कुठल्या दिसायला!

आजही तेच तंत्र चालू आहे, फक्त आता पारदर्शक प्राणी घडवतातही. आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला पट्ट्यापट्ट्यांचा झेब्राफिश लहानपणी पारदर्शक असतो, मोठेपणी नाही. २००८ मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांनी रंग हरवलेल्या दोन वाणांचा संकर करून असा झेब्राफिश तयार केला, जो मोठेपणीही आरपार राहतो. त्याचं नाव कॅस्पर. त्याच्या अंगात त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या, की त्या कुठून कुठे पसरतात ते मासा जिवंत असताना, पोहत असताना, दररोज बघता येतं.