तीन किलोचा दाब

श्रोतेहो, नमस्कार. मी मूळची मिरजेची. सध्या इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. मिरजेला गेले की शेजारच्या काकू हमखास विचारतात, "नर्स आहेस ना गं तू?" मी नर्स नाही, डॉक्टरही नाही. माझ्या हुद्द्याचं नाव ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर. इथे सगळे ओडीपी म्हणतात. आपल्याकडचा ओटी टेक्निशियन, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला तंत्रज्ञ, डोळ्यांसमोर आणलात, तर काम बरंचसं कळेल.

हे शिकायला तीन वर्षं लागतात. पदवी मिळते, पण निम्मं शिक्षण थिएटरमध्येच उभ्याउभ्या होतं. कामाची तीन अंगं: भूल देताना भूलतज्ज्ञाला साथ, ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या हातात हत्यारं देणं, आणि नंतर रिकव्हरीत पेशंट शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या श्वासावर नजर ठेवणं.

मला पहिल्यापासून ओढ होती ती भुलेची. सकाळी पेशंट यायच्या आधी मशीन तपासायचं. ऑक्सिजन येतोय का, सक्शन ओढतंय का, लॅरिंगोस्कोपचा, म्हणजे घशात बघायच्या उपकरणाचा, दिवा लागतोय का. मशीन बंद पडलं तर हाताने श्वास द्यायची पिशवी जवळ हवीच. मग पेशंट येतो. मनगटावरची पट्टी बघायची, नाव, जन्मतारीख, कोणतं ऑपरेशन, कोणती बाजू, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. बहुतेकांचे हात गार पडलेले असतात. डोळे मिटेपर्यंत तो हात धरून ठेवणं हेही माझंच काम, आणि मी ते कधी घाईत उरकत नाही.

तातडीच्या ऑपरेशनला पेशंट बऱ्याचदा उपाशीपोटी नसतो. भूल चढताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायची भीती असते. कंठमण्याच्या खाली कूर्चेचं एक कडं असतं, ते बोटांनी मागे दाबून अन्ननलिका बंद करायची. 1961 साली सेलिक नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. पेशंट जागा असताना साधारण एक किलोइतका दाब, झोपल्यावर तीन किलो. कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर श्वासाची नळी घालायला अडचण. मी हा दाब घरच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर शिकले. बाजूला कणीक भिजवून ठेवलेली, आणि मी डोळे मिटून काट्यावर बोटं रोवतेय, डोळे उघडून आकडा बघतेय. कितीतरी रात्री असं केलं, तेव्हा बोटांना तीन किलो कळायला लागले.

पण मला सगळ्यात जड गेलं ते बोलणं. रक्त टिपायचे स्वॅब पाचापाचाच्या गठ्ठ्यात येतात. दोघांनी मिळून, मोठ्याने मोजायचे आणि फळ्यावर लिहायचे. पोट शिवायच्या आधी पुन्हा मोजायचे. दुसऱ्या वर्षाला असताना एकदा फळ्यावर 20 होते आणि माझ्यासमोर 19. सर्जनने टाका घालायला सुई घेतलेली. मी म्हटलं, "एक कमी आहे." कुणाला ऐकूच गेलं नाही. मोठी माणसं कामात असताना मध्ये बोलू नये, अशा घरात मी वाढले. आवाज घशातच अडकला होता. दुसऱ्यांदा ओरडलेच. सगळं थांबलं. पुन्हा मोजणी झाली, शोधाशोध झाली. स्वॅबमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो, त्यामुळे नाहीच सापडला असता तर एक्स-रे काढला असता. तेवढी वेळ आली नाही, तो पेशंटवरच्या कापडाच्या घडीत निघाला. सर्जन माझ्याकडे बघून म्हणाले, "थँक यू." माझे गुडघे मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत थरथरत होते.

विद्यार्थिनीच्या तोंडच्या आकड्यावर सर्जन थांबतो, यामागे बरीच वर्षं आहेत. पूर्वी इथेही हे काम हाताखालच्या मदतनिसाचं समजलं जाई. 2004 पासून आमची कायद्याने नोंदणी होते. नोंदणी नसताना स्वतःला ओडीपी म्हणवून घेणं हा गुन्हा आहे, आणि माझ्या हातून चूक झाली तर जाबही मलाच द्यावा लागतो. मला हे ओझं हवंसं वाटतं. आपल्याकडेही 2021 साली संसदेने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला. त्यात ओटी टेक्नॉलॉजिस्ट आणि भुलेच्या कामातले तंत्रज्ञ आहेत, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

कारण माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गल्लीतले एक मामा आले. सगळा जन्म ओटीत गेला, पण हातात प्रमाणपत्र नाही. जे शिकले ते बघूनबघून. गेल्या खेपेला कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात भेटले. मी त्यांना काट्याची गोष्ट सांगितली. त्यांनी वाण्याला काटा रिकामा करायला लावला, आकड्याकडे पाठ फिरवली आणि बोटं टेकवली. "हं, आता पेशंट झोपला," म्हणाले आणि दाब वाढवला. मी वाकून बघितलं. दोन किलो नऊशे.