घड्याळाचे अस्सलपण कुठे पाहावे?

मित्रहो, जुन्या अमेरिकी खिशातल्या घड्याळांची दुरुस्ती करताना त्यांचे अस्सलपण कसे जोखावे, हा आजचा विषय आहे. परंतु मनाला लागलेली एक हकिकत सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

माझ्याकडे वॉल्थम या अमेरिकी कंपनीचे अठरा साइजचे (साइज म्हणजे यंत्राच्या व्यासाचे अमेरिकी माप) एक घड्याळ आहे. यंत्रावर ‘अमेरिकन वॉच कंपनी’ असे कोरलेले असून अनुक्रमांकावरून ते १८८०च्या सुमाराचे ठरते. त्याच्या एनॅमलच्या तबकडीवर चारच्या आकड्यापासून मध्यापर्यंत केसासारखी बारीक चीर होती. केवळ साफसफाई आणि तेलपाणी करण्यासाठी ते मी एका कारागिराकडे दिले, आणि परत आले तेव्हा त्यावर दुधासारखी शुभ्र तबकडी होती, तिच्यावर नाव ‘अमेरिकन वॉल्थम वॉच कंपनी’! हे नाव कंपनीने १८८५मध्ये घेतले. शिवाय ही तबकडी मुळात दुसऱ्याच यंत्राची असल्याने तिचे मागचे तांब्याचे पाय कापून ती चिकटवली होती. जुन्या तबकडीविषयी विचारले, तेव्हा ‘तडकलेली होती, टाकून दिली’ असे उत्तर मिळाले. त्याने हे सगळे माझ्यावर उपकार करण्याच्या भावनेने केले होते, आणि याचेच मला अधिक दुःख होते.

याउलट, डबीचा, म्हणजे यंत्राभोवतीच्या धातूच्या आवरणाचा, आणि यंत्राचा क्रमांक जुळत नाही एवढ्यावरून निर्दोष घड्याळे नाकारली जातात. अमेरिकेत यंत्र एका कारखान्याचे आणि डबी बहुधा कीस्टोन किंवा ड्यूबर यांसारख्या दुसऱ्याच कारखान्याची असे. साइज ठरलेले असल्यामुळे जवाहिऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक आपल्या ऐपतीप्रमाणे जोडी निवडत असे. तेव्हा क्रमांक जुळणार कसे? पाहायचे ते डबीच्या आतल्या कडेवर उमटलेले, यंत्र घट्ट धरणाऱ्या स्क्रूचे वण. वणांची दुसरी जोडी दिसली, तर त्या डबीत पूर्वी बहुधा वेगळे यंत्र होते.

अध्यक्षांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, म्हणून मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. १८९१च्या एप्रिलमध्ये ओहायोतील किप्टन येथे रेल्वेचा अपघात झाला, त्याचे कारण घड्याळाची चूक असल्याचे सांगितले गेले, आणि त्यानंतर क्लीव्हलँडचे जवाहीर वेब बॉल यांच्या पुढाकाराने रेल्वे घड्याळांची तपासणी कडक झाली. आठवड्याला तीस सेकंदांहून अधिक फरक चालत नसे. अशा नोकरीतल्या हॅमिल्टन ९९२ला, म्हणजे हॅमिल्टन कंपनीच्या रेल्वे घड्याळाला, पुढे कारखान्याचीच, मिनिटांचे सगळे आकडे असलेली माँटगोमेरी तबकडी बसवली गेली असेल, तर ती त्या घड्याळाच्या आयुष्याचाच भाग आहे. तिला मी नकली म्हणणार नाही.

मुख्य कमान, म्हणजे घड्याळाला चालवणारी स्प्रिंग, तुटते, ती बदलावीच लागते. जुन्या निळ्या पोलादाच्या जागी नवी पांढऱ्या मिश्रधातूची घातली तरी हरकत नाही. तबकडी, काटे, यंत्राच्या पट्ट्यांवरची नक्षी आणि डबीवरचे कोरीवकाम यांना मात्र नाइलाज असल्याशिवाय हात लावू नये, पॉलिशचाही नाही. आणि काढलेला प्रत्येक भाग तारखेच्या चिठ्ठीसह मालकाला परत द्यावा.

माझ्या घड्याळासाठी मी योग्य नावाची तबकडी अजून शोधतो आहे. तिला चीर असली तरी चालेल, आणि ती मिळाली की दुसऱ्या घड्याळाची आहे असे चिठ्ठीत लिहूनच बसवीन.