पुलाखाली कोणी उतरले होते का?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, आपला जुना दगडी कमानींचा पूल पाडण्याऐवजी दुरुस्त व्हावा म्हणून आपण सगळे इथे जमलो आहोत, आणि त्याचा इतिहास मी आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. सोलापुरातल्या भैय्या चौकाजवळच्या रेल्वेमार्गावरील पुलाशीही मी आज तुलना करणार नाही, कारण विजेवर धावणाऱ्या गाड्यांना पुलाखाली लागणारी उंची हा तिथला प्रश्न वेगळा होता. मी बोलणार आहे ते ओढ्यावरच्या दगडी कमानींबद्दल, आणि त्यासाठी मला प्रथम माझ्या आजोळी जावे लागेल.

भीमेच्या खोऱ्यातल्या त्या गावात ओढ्यावर तीन कमानींचा पूल होता. दरवर्षी मृग निघण्यापूर्वी गावातली चार-सहा माणसे त्याच्याखाली उतरत, सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपे मुळासकट उपटून काढत, कमानींत साचलेला गाळ ओढत आणि पाण्याच्या धारेने पाया कुठे उघडा पडलेला दिसला तर तिथे मोठे धोंडे रचत. मजुरी कोणी मागत नसे. संध्याकाळी सगळ्यांना कोणाच्या तरी ओसरीवर शेंगाची चटणी आणि भाकरी मिळत असे. लहानपणी मला ते काम म्हणजे गावाचा एक सणच वाटे. पुढे ती माणसे थकली, त्यांची मुले पुण्याला गेली आणि पुलाखाली उतरणे थांबले. पंधरा वर्षांत पिंपळाचे खोड मनगटाएवढे जाड झाले. डांबराचे मात्र थरावर थर चढत राहिले, त्यामुळे कठड्याची उंची कमी झाली, पाणी बाहेर जाण्याची भोके बुजली आणि पावसाचे पाणी कमानीवरच्या भरावात मुरू लागले.

मग एके दिवशी ‘पूल धोकादायक आहे’ असा फलक लागला. तपासणी अहवाल पाहायला मिळावा म्हणून मी संबंधित कार्यालयात अनेक खेपा घातल्या आणि शेवटी माझ्या हाती जो कागद पडला, त्यावर ‘पुलाचे आयुर्मान संपलेले आहे’ एवढेच लिहिलेले होते. मी समोरच्या अधिकाऱ्यांना विचारले, ‘साहेब, पुलाखाली कोणी उतरले होते का?’ त्यांनी प्रामाणिकपणे मान हलवून नाही म्हटले. तो पूल फोडायला यंत्राला नऊ दिवस लागले. त्यानंतर दोन पावसाळे गावाने नळ्या टाकून केलेल्या कच्च्या रस्त्यावर काढले. तो दोन्ही वेळा वाहून गेला, आणि शाळेच्या मुलांना व उसाच्या गाड्यांना लांबचा वळसा पडला. माझ्या मामांनी कमानीच्या माथ्यावरचा एक दगड बैलगाडीतून घरी आणला. तो आजही गोठ्याच्या दाराशी पायरी म्हणून आहे, आणि त्यावरचे पाथरवटाच्या छिन्नीचे घाव इतकी वर्षे पाय पडूनही बुजलेले नाहीत.

ही हकिकत सांगितली की लोक मला महाडची आठवण करून देतात, आणि ते योग्यच आहे. सावित्री नदीवरचा 1928 सालचा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महापुरात कोसळला आणि त्यात दोन एसटी गाड्यांसह कितीतरी माणसे गेली. त्या रात्रीचा विसर पडून जुन्या पुलाची बाजू मांडणारा माणूस बेजबाबदार म्हटला पाहिजे. त्या पूलाचीही पावसाळ्यापूर्वी तपासणी झाल्याचे सांगण्यात आले होते. म्हणूनच नुसती तपासणी झाली एवढ्यावर माझे समाधान होत नाही, पाण्याखालचा पाया कोणी पाहिला हे मला कळले पाहिजे.

अहमदाबादचा एलिस पूल मला यासाठी फार जवळचा वाटतो. हिम्मतलाल धीरजराम भचेच या अभियंत्यांनी 1892 साली तो बांधून पूर्ण केला तेव्हा अंदाज सुमारे पाच लाखांचा असताना खर्च सुमारे चार लाखच झाला, म्हणून सरकारला हलक्या मालाचा संशय आला. चौकशी झाली आणि काम उत्तम ठरले. पुढे वाहने वाढली तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे नवे पूल उभारले गेले आणि मधला लोखंडी पूल राखला गेला. आपल्याकडेही दूर जायला नको. हिप्परग्याचा एकरूख तलाव 1871 पासून पाणी धरून आहे, आणि त्याचे वय झाले म्हणून बांध फोडावा असे सोलापुरात कोणी म्हणत नाही.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची चिठ्ठी पाठवली आहे, म्हणून मुख्य मागण्या आता थोडक्यात मांडतो. दगडी कमान वरचा भार दाबाच्या रूपाने दोन्ही बाजूंच्या आधारांवर उतरवते, आणि दाब सहन करणे हा दगडाचा स्वभावच आहे. म्हणून तिला खरा धोका असतो तो पायाखालची माती वाहून जाण्याचा, मुळांचा आणि आत मुरणाऱ्या पाण्याचा. त्यामुळे आपल्या पुलावरून जड वाहने तातडीने बंद व्हावीत, डांबराचे जादा थर उतरवावेत, पाण्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात, पायाभोवती दगडी पिचिंग, म्हणजे माती वाहून जाऊ नये म्हणून दगडांचा थर, व्हावे आणि दगडांमधल्या दरजा चुन्यातच भराव्यात, कारण चुन्याच्या जुन्या बांधकामावर कडक सिमेंट थापले की ओल आत कोंडते आणि दगडाची कड फुटते. जड वाहतुकीसाठी नवा पूल शेजारी बांधा, त्याला आपला विरोध नाही. जाणकार अभियंत्याने पाया पाहून कमान तग धरणार नाही असे लेखी दिले, तर तेही आपण मान्य करू. मात्र निविदा निघण्यापूर्वी तो अहवाल मराठीत सर्वांसमोर ठेवला गेला पाहिजे.

दाराशी नोंदवही ठेवली आहे. तिच्यात नावाबरोबर पुलाखाली उतरून काम करण्यासाठी वर्षातून दोन दिवस, एक पावसाळ्यापूर्वी आणि एक पावसाळा सरल्यावर, लिहून द्यावेत ही माझी विनंती आहे. पहिली खेप येत्या रविवारी सकाळी सात वाजता आहे. ज्यांच्याकडे कोयता, घमेले आणि दोर असेल त्यांनी ते सोबत आणावेत, आणि जुनी छायाचित्रे असतील तर तीही आणावीत, म्हणजे पूर्वीच्या भेगा आणि आजच्या भेगा ताडून पाहता येतील.