टर्मिनल चिपची मागची बाजू

नमस्कार. आजचा विषय मिल-स्टँडर्ड १५५३, म्हणजे विमानातल्या यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या डेटा बसचं अमेरिकी लष्करी मानक. सुरुवातीला एक प्रश्न. मँचेस्टर कोडिंग, म्हणजे तारेवर बिट पाठवण्याची पद्धत, परीक्षेत कोणाकोणाला आलं होतं, हात वर करा. जवळजवळ सगळ्यांनाच. बरं, आता टर्मिनल चिप, म्हणजे यंत्राला बसशी जोडणारी चिप, आणि तिच्यामागची सबसिस्टीम, म्हणजे ते यंत्र, यांच्यात संकेतांची देवाणघेवाण कशी होते, यावर कोणाला प्रश्न आला होता? एकही हात नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे. बसकडची बाजू आपण घोकून घेतो आणि सबसिस्टीमकडची बाजू डेटाशीटच्या भरवशावर सोडून देतो. बिघाड मात्र तिथेच होतात.

उजळणी थोडक्यात करतो, कारण तुमच्यातले निम्मे ओझरच्या विमान कारखान्याच्या वाटेवरचे आहेत. मिल-स्टँडर्ड १५५३ आलं १९७३ मध्ये आणि त्याची बी आवृत्ती १९७८ मध्ये. सुरुवात एफ-१६ विमानापासून झाली. ओझरला जुळणी झालेल्या सुखोई-३० एमकेआयमध्ये १५५३-बी आहे, तेजसमध्ये आहे, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातही आहे. पिळलेल्या तारांची एक जोडी, तिच्या सोबतीला राखीव म्हणून दुसरी. वेग सेकंदाला १० लाख बिट. प्रत्येक शब्द २० बिटांच्या वेळेचा, म्हणजे २० मायक्रोसेकंदांचा, आणि त्यात कामाचे बिट १६. बस कंट्रोलर आज्ञा देतो, जास्तीत जास्त ३१ टर्मिनल ऐकतात, ज्याला आज्ञा झाली तो ४ ते १२ मायक्रोसेकंदांत उत्तर देतो. एका संदेशात डेटाचे शब्द जास्तीत जास्त ३२.

आता माझा मुद्दा. बसवर संदेश अखंड असतो. त्याचा एक जरी शब्द बिघडला, तरी टर्मिनल स्टेटस, म्हणजे उत्तराचा शब्द, पाठवतच नाही, गप्प राहतं, आणि कंट्रोलरला कळतं की हा संदेश पोचला नाही. किती काटेकोर व्यवस्था आहे! पण चिपच्या मागे तोच संदेश मेमरीत सुटे शब्द होऊन पडतो. तिथे सबसिस्टीमचा प्रोसेसर आपल्या सवडीने येतो आणि एकेक शब्द उचलतो. बसने जिवापाड जपलेली अखंडता तिथे मोडते, आणि ती मोडली हे कुणालाही कळत नाही.

एक प्रसंग सांगतो. प्रयोगशाळेचं नाव घेत नाही. बेंचवर एक डिस्प्ले लावला होता, बसवरून उंचीचा आकडा घेऊन दाखवणारा. मधूनच एखाद्या क्षणी उंची शून्याच्या जवळ जायची आणि लगेच पुन्हा ठीक. बसवरची वाहतूक नोंदवणारा बस अॅनालायझर लावला, तर प्रत्येक संदेश स्वच्छ. पॅरिटी, म्हणजे चूक पकडणारा बिट, बरोबर, शब्दसंख्या बरोबर, स्टेटस वेळेत. मग नेहमीची वरात निघाली. केबलची टोकं पाहिली, ७८ ओहमचे टर्मिनेटर बदलले, शिल्डिंग तपासलं, कपलिंग ट्रान्सफॉर्मर बदलला. हार्डवेअरवाले सॉफ्टवेअरवाल्यांकडे बोट दाखवायचे, सॉफ्टवेअरवाले केबलकडे.

तिथे डिप्लोमा करून नुकतीच लागलेली एक मुलगी होती. तिने वाद घातला नाही, वहीत आकडे लिहीत गेली. झटका येण्याच्या अगदी आधी उंची किती होती, एवढंच. तिला दिसलं की चढताना आकडा शून्याजवळ जातो, उतरताना १३,१०० फुटांच्या वर उडतो, आणि दोन्ही वेळा खरी उंची ६,५५० फुटांच्या आसपास असते. ज्यांना १६ बिट म्हणजे काय हे ठाऊक आहे त्यांच्या डोक्यात आता दिवा लागला असेल. उंची फुटाच्या दहाव्या भागात मोजलेली, दोन शब्दांत विभागलेली. खालचा शब्द ६५,५३५ पर्यंत भरतो, म्हणजे ६,५५३.५ फूट, आणि मग वरचा शब्द एकाने वाढतो. प्रोसेसरने वरचा शब्द जुन्या संदेशातला उचलला, तेवढ्यात चिपने नवा संदेश लिहिला, आणि खालचा शब्द नव्यातला आला. जुनं शून्य आणि नवं शून्य, उंची शून्य. उतरताना जुना एक आणि नवे ६५,५३५, उंची १३,१०७ फूट. दोन्ही संदेश खरे होते, जोडून झालेला आकडा कुठल्याच संदेशात नव्हता. त्या मुलीच्या वहीइतकं मोलाचं उपकरण त्या खोलीत दुसरं नव्हतं, हे मी मनापासून म्हणतो.

याच संदर्भात बिझी बिटबद्दल, म्हणजे स्टेटसमधल्या 'मी कामात आहे' सांगणाऱ्या बिटबद्दल, बोललंच पाहिजे. वरचा प्रश्न कळला की पुष्कळांना सुचणारा उपाय असा: प्रोसेसर वाचत असेल तोवर चिपचा सबसिस्टीम-बिझी पिन ओढून ठेवा. मग टर्मिनल स्टेटसमध्ये बिझी सांगतं आणि डेटा देत नाही. दिसायला सभ्य उत्तर! पण तुमच्या प्रोग्रामच्या सोयीसाठी तुम्ही सगळ्या बसचं वेळापत्रक विस्कटता. १५५३-बी ला जोडलेल्या १९८६ च्या नोटीस २ मध्ये हे स्पष्ट आहे: बिझी स्थिती शक्यतो नकोच, आणि आली तर ती विशिष्ट आज्ञेचा परिणाम म्हणूनच यावी. तरीही हे चालूच आहे, आणि मला त्याचा राग येतो.

संयोजक घड्याळाकडे बोट करताहेत. सुरुवातीला काढलेला संकेतांच्या देवाणघेवाणीचा विषय आता पटापट.

डीडीसी कंपनीची बीयू-६१५८० ही टर्मिनल चिप घ्या. आत ४ हजार शब्दांची मेमरी, चिप आणि प्रोसेसर दोघांची सामाईक. प्रोसेसर सिलेक्ट आणि स्ट्रोब देतो, मेमरी हवी की रजिस्टर ते एका पिनवर सांगतो, आणि रेडी येईपर्यंत थांबतो, कारण चिप त्याच क्षणी बसचा शब्द लिहीत असू शकते. मेमरी बाहेरची असेल तर उलटं: चिप रिक्वेस्ट करते, प्रोसेसर ग्रँट देतो, चिप अॅक्नॉलेज करते. ग्रँट ठरलेल्या वेळेत आली नाही तर चिप हँडशेक चुकल्याची नोंद करते. इथे सवड नाही, कारण पाठवताना शब्द एकमेकांना लागून जावे लागतात, मध्ये खिंडार चालत नाही. पण नीट ऐका: हा सगळा हँडशेक, म्हणजे ही संकेतांची देवाणघेवाण, एकेका शब्दाचं रक्षण करतो, संदेशाचं नाही.

संदेशाचं रक्षण डबल बफरिंग करतं. प्रत्येक सबअॅड्रेसला, म्हणजे टर्मिनलमधल्या उप-पत्त्याला, ३२ शब्दांचे दोन ब्लॉक. चिप एकात लिहिते, संदेश पूर्ण आणि निर्दोष ठरला तरच लुक-अप टेबलमधला पॉइंटर, म्हणजे कुठे लिहायचं ते दाखवणारा पत्ता, दुसऱ्या ब्लॉककडे वळवते. विसावा शब्द बिघडला तर आधीचे एकोणीस वापरात येतच नाहीत. वाचण्याआधी त्या सबअॅड्रेसचं डबल बफरिंग तात्पुरतं बंद करायचं, पॉइंटर वाचायचा, निष्क्रिय ब्लॉक वाचायचा, मग पुन्हा चालू करायचं. बंद करण्याची पायरी गाळू नका. पॉइंटर वाचल्यावर इंटरप्ट आला, म्हणजे प्रोसेसर दुसऱ्या कामाकडे वळला, आणि तेवढ्यात संदेश आला, तर पॉइंटर फिरतो आणि पुढचा संदेश तुम्ही वाचत असलेल्या ब्लॉकवरच उतरतो. पाठवताना नवा डेटा वेगळ्या ब्लॉकमध्ये भरा आणि शेवटी पॉइंटर एकाच लेखनात बदला.

उरलेले पिन थोडक्यात. सबसिस्टीम फ्लॅग म्हणजे मागचं यंत्र बिघडलं, टर्मिनल फ्लॅग म्हणजे टर्मिनल स्वतःच. ही अदलाबदल केलीत तर तंत्रज्ञ भलतीच पेटी उघडेल. पत्त्याचे पाच पिन आणि सहावा विषम पॅरिटीचा, हे विमानाच्या कनेक्टरमध्ये जोडलेले असतात, म्हणून पेटी बदलली तरी पत्ता जागेचाच राहतो, आणि एक तार तुटली तर टर्मिनल दुसऱ्याच्या नावाने उत्तर देत नाही. आता प्रश्न घेऊ, आणि पहिला प्रश्न मागच्या रांगेतून.