विपणनाच्या नोंदींची प्रत आपल्याच डेटाबेसमध्ये

पुण्यातील दिवाळी अंकांचे प्रकाशक असोत की लक्ष्मी रस्त्यावरील कापडाचे व्यापारी, वाचक-ग्राहकांशी होणारा त्यांचा बराचसा व्यवहार आता मेलचिंप (ईमेल पाठवण्यासाठी), गूगल अ‍ॅड्स (जाहिरातींसाठी) यांसारख्या सेवांमधून चालतो आणि त्याच्या नोंदीही तिथेच राहतात. गूगलने संकेतस्थळावरील भेटी मोजणारी युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सची सेवा गुंडाळली, तेव्हा १ जुलै २०२४ पासून जुने अहवाल पाहण्याची सोयही बंद झाली. ज्यांनी त्याआधी नोंदी उतरवून घेतल्या नव्हत्या, त्यांचा मागील वर्षांशी तुलना करण्याचा आधारच गेला. म्हणूनच या नोंदींची एक प्रत पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारख्या आपल्या ताब्यातील डेटाबेसमध्ये असावी, असा माझा आग्रह आहे.

या कामात सर्वांत जास्त जपायची गोष्ट म्हणजे संमती. मेलचिंपमधून यादी उतरवली की चालू सदस्य, सदस्यत्व सोडलेले आणि ज्यांचे पत्ते बाद झाले आहेत असे लोक, यांच्या वेगवेगळ्या फायली मिळतात. पुष्कळ जण फक्त पहिली फाईल जपून ठेवतात. पुढे कधी जुन्या प्रतीवरून यादी पुन्हा उभी करावी लागली, तर ज्यांनी मधल्या काळात स्पष्ट नकार कळवला त्यांनाही पुन्हा ईमेल जाऊ लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती मागे घेण्याचा हक्क मान्य केला आहे. पण कायदा नसता तरी नकार देणाऱ्याचा मान राखणे हे आपले कर्तव्यच होते. त्यामुळे सदस्यांच्या तक्त्याशेजारी संमतीचा स्वतंत्र तक्ता ठेवावा, आणि त्यात जुनी ओळ न पुसता प्रत्येक बदलाची तारखेसह नवी ओळ घालावी.

तारखेचा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. १ नोव्हेंबरला पहाटे दीड वाजता पुण्यात कुणी आपला ईमेल उघडला, तर यूटीसीप्रमाणे (म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) ती वेळ ३१ ऑक्टोबरच्या रात्री आठची असते, आणि एपीआयकडून (म्हणजे ज्या जोडणीतून आपला प्रोग्रॅम सेवेकडून नोंदी मागवतो तिच्याकडून) बहुधा हीच वेळ येते. ती तशीच साठवावी, साडेपाच तास अहवाल काढताना मिळवावेत. नाहीतर महिन्याचे आकडे जुळत नाहीत. रकमांच्या बाबतीतही अशीच खबरदारी हवी, कारण गूगल अ‍ॅड्सचा एपीआय खर्च दशलक्षांश एककात देतो, म्हणजे २५० रुपये तिथे २५,००,००,००० असे दिसतात. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी यूटीएफ८एमबी४ हीच अक्षरसंहिता (अक्षरे साठवण्याची पद्धत) निवडावी. जुन्या तीन बाइटांच्या संहितेत देवनागरी मावते, पण विषयओळीतील इमोजी मावत नाही.

रोज रात्री नोंदी आणताना तीच नोंद दुसऱ्यांदा आली, तर नवी ओळ न होता जुनीच अद्ययावत व्हावी, यासाठी सेवेने दिलेला क्रमांक प्राथमिक की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, म्हणून वापरावा. एपीआयचे मूळ उत्तरही जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात वेगळे ठेवावे, म्हणजे आज ज्या रकान्याची गरज वाटली नाही, तो उद्या त्यातून काढता येईल. आणि दर तिमाहीला आपल्याकडील नोंदींची प्रत एका रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवून, सदस्यत्व सोडलेल्यांची संख्या मूळ सेवेतील संख्येशी ताडून पाहावी.