डोळे मीट म्हटलं म्हणून झोप येत नाही

नमस्कार श्रोतेहो.

बालवाडीत किंवा पाळणाघरात दुपारची एक वेळ अशी असते, की दारातून डोकावणाऱ्याला फार बरं वाटतं. पडदे ओढलेले, ओळीनं अंथरलेल्या सतरंज्या, गळ्यापर्यंत पांघरूण घेतलेली मुलं. कुणाचा आवाज नाही. मी बरीच वर्षं लहान मुलांच्या वर्गात काम केलं आहे आणि ही शांतता अभिमानानं राखली आहे. आज मला त्या शांततेत पडून असलेल्या, पण न झोपलेल्या मुलांबद्दल बोलायचं आहे. त्यांचे डोळे मिटलेले असतात आणि पापण्या थरथरत असतात. ताईंची पावलं लांब गेली, की डोळे टक्क उघडतात.

अशीच एक मुलगी माझ्या वर्गात होती. पाचाला टेकलेली. तिची दुपारची झोप सुटली होती. सुट्टीच्या दिवशी घरी ती दुपारी झोपत नाही, असं तिच्या आईनं आम्हाला सांगितलंही होतं. पण आमचा नियम होता, की जेवण झालं की दीड तास सगळ्यांनी आडवं व्हायचं. झोप येवो न येवो, उठायचं नाही, बोलायचं नाही, हातात काही घ्यायचं नाही. ती शहाणी मुलगी. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मला वाटायचं, झोपली.

महिनाभरानं सतरंज्या धुवायला काढल्या. तिची सतरंजी उलगडली आणि मी तशीच बसून राहिले. एका टोकाच्या सगळ्या दशा दोन-दोन घेऊन एकमेकींना पीळ घातलेल्या होत्या. घट्ट, बारीक पीळ. काहींच्या टोकाला ओबडधोबड गाठ, काही ठिकाणी पीळ उलगडून पुन्हा घातलेला, त्यामुळे दोरा पिंजलेला. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकही दशी मोकळी नव्हती. महिनाभर, रोज दीड तास, हे मूल अर्ध्या अंधारात आवाज न करता जागं होतं. आणि मी रोजच्या वहीत तिच्या नावापुढे लिहीत होते, ‘झोपली’.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले.

झोपेचं एक साधं गणित आहे. अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञानं १९८२ साली ते मांडलं आणि आजही झोपेचा अभ्यास करणारे त्याचा आधार घेतात. आपण जागे झालो, की झोपेचा दाब हळूहळू चढायला लागतो. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो, त्याचा यात मोठा वाटा असतो. झोपलो की हा दाब उतरतो. त्याच्या जोडीला शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ असतं, ते उजेड-अंधारावर चालतं. तान्ह्या बाळात हा दाब भराभर चढतो, म्हणून ते दिवसातून चार-पाच वेळा झोपतं. वय वाढतं तसा तो सावकाश चढू लागतो. मग एक दिवस असा येतो, की दुपार झाली तरी दाब पुरेसा चढलेलाच नसतो. मूल हट्ट करत नसतं. त्याच्या शरीरात त्या वेळी झोपच नसते. तुम्ही त्याला थोपटा, रागवा, लाडीगोडी लावा, नसलेली झोप येणार कुठून?

हे कोणत्या वयात होतं? बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून २०२० साली एक आढावा प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या आत दुपारची झोप सुटलेली मुलं अडीच टक्क्यांहूनही कमी निघाली, आणि पाच वर्षांपर्यंत ९४ टक्के मुलांची ती सुटलेली होती. म्हणजे हे सगळं होतं ते बहुतेक दोन ते पाच या वयात, आणि बालवाडीतली मुलं याच वयातली. एकाच वर्गात एकाला डोळे उघडे ठेवता येत नाहीत आणि त्याच्या शेजारच्याला मिटता येत नाहीत. दोघांचंही बरोबर आहे. चुकीचा असतो तो दोघांना एकच फूटपट्टी लावणारा नियम.

आता याची किंमत कोण मोजतं ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, की तीन ते चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप हवी, दुपारची डुलकी धरून. समजा, एखाद्या मुलाची गरज अकरा तासांची आहे. त्यातले दीड तास दुपारी गेले, तर रात्रीसाठी साडेनऊ उरले. सकाळी साडेसहाला उठणारं हे मूल रात्री नऊच्या आत झोपणार नाही. आई-वडील मात्र त्याला आठला अंथरुणावर घालतात. मग पाणी हवं, शू लागली, अजून एक गोष्ट सांग, भीती वाटते. नऊ वाजतात, कधी दहा. घरातल्यांचा पारा चढतो, मूल रडून झोपतं. सकाळी त्याला ओढून उठवावं लागतं. रात्र कमी पडलेली असते, म्हणून दुपारी शाळेत ते झोपतं. आणि मग आम्ही ताई म्हणतो, “अहो, पण झोपतो ना तो! गरज आहे म्हणूनच झोपतो.” हे वाक्य मी स्वतः किती पालकांना ऐकवलं आहे! गरज दुपारची नव्हती, रात्री बुडालेल्या झोपेची होती. आणि ती बुडवण्यात आमचाही हात होता.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. १६८ मुलं, वेगवेगळी बालकेंद्रं. जिथे तासाभरापेक्षा जास्त वेळ सक्तीनं पडून राहायला लावत, तिथली मुलं रात्री कमी झोपत होती. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. मला अस्वस्थ केलं ते पुढच्या निष्कर्षानं: वर्षभरानं ही मुलं मोठ्या शाळेत गेली, तिथे दुपारी झोपायचा प्रश्नच नव्हता, तरी फरक पूर्ण पुसला गेला नव्हता.

पण श्रोतेहो, हे ऐकून कुणी दुपारची झोपच बंद करून टाकू नये. ज्याला ती हवी आहे, त्याच्यासाठी ती फार मोलाची आहे. अमेरिकेत २०१३ साली चाळीस मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ शिकवला होता. रोज दुपारी झोपणाऱ्या मुलांना त्या दिवशी जागं ठेवलं, तर सकाळी शिकलेलं ती बरंच विसरली. झोपू दिलं तर ते टिकलं. ज्या मुलांची दुपारची झोप सुटली होती, त्यांचं जागं राहून तसं नुकसान झालं नाही. म्हणजे झोपणाऱ्याला उठवणं आणि जागणाऱ्याला झोपवणं, चूक दोन्हीकडून तीच.

ताईंची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती क्वचितच कुणी सांगतं. दुपारचा हा तास म्हणजे दोन घास स्वस्थपणे खाण्याचा, वह्या भरण्याचा, पाठ टेकण्याचा सबंध दिवसातला एकमेव वेळ. सकाळपासून वीस-पंचवीस मुलांचं नाक, डोळे, भांडणं, बूट सांभाळलेल्या बाईला तो हवाच. थकलेल्या माणसाकडून दुपारी चार वाजता मायेनं वागण्याची अपेक्षा कशी करणार? म्हणून ‘शांत वेळ काढून टाका’ असं मी म्हणणार नाही. मुलांनाही ती हवी असते. सकाळभर आवाज, गर्दी, रंग, हालचाल झाल्यावर न झोपणाऱ्या मुलालाही विसावा लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की विसावा आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साडेचार वर्षांच्या टक्क जाग्या मुलानं दीड तास हात-पाय न हलवता पडून राहणं, हा विसावा नाही. त्या वयात स्वतःला आवरून धरणं हेच सगळ्यात थकवणारं काम असतं. पुन्हा त्याला आम्ही धाक घालतो, “झोपला नाहीस तर नंतर खेळायला सोडणार नाही.” अंथरूण ही शिक्षेची जागा आहे, हे तिथे त्याच्या मनात बसतं, आणि रात्री घरी ते अंथरुणाला बिचकतं.

लहान मुलांना शांत बसता येत नाही असं कुणी म्हणालं, तर मी त्यांना मारिया माँटेसरींची आठवण देते. १९०७ साली रोममध्ये त्यांनी आपलं पहिलं बालगृह सुरू केलं. एकदा त्या चार महिन्यांचं एक बाळ वर्गात घेऊन आल्या आणि मुलांना म्हणाल्या, की बघा, ही किती शांत आहे, हिच्याइतकं शांत तुम्हाला राहता येईल का? मुलं श्वाससुद्धा जपून घ्यायला लागली. त्यातूनच पुढे शांततेचा खेळ आला: सगळ्यांनी शांत व्हायचं आणि ताईंनी कुजबुजत एकेकाला नावानं हाक मारायची. तो खेळ मी वर्गात घेतला आहे. काही मिनिटंच चालतो, आणि मुलं तो पुन्हा मागतात. तिथे शांतता मुलांनी आपणहून धरलेली असते. दुपारी आम्ही तीच त्यांच्यावर दीड तास लादतो.

आम्ही काय बदललं ते सांगते. पहिला अर्धा तास सगळ्यांनी आडवं व्हायचं, हे तसंच ठेवलं. त्यात ज्यांना झोप हवी असते ती मुलं झोपून जातात. दहा-पंधरा मिनिटांत त्यांचा श्वास संथ होतो, मुठी सैल पडतात. अर्ध्या तासानंतर जो जागा आहे, त्याच्याजवळ ताई जाते आणि न बोलता एक छोटी टोपली ठेवते. पुस्तक, कोडं, कागद आणि खडू. आपल्या सतरंजीवरच बसायचं, बोलायचं ते कुजबुजत. पेंगणाऱ्या मुलांच्या सतरंज्या अंधाऱ्या बाजूला, जागणाऱ्यांच्या खिडकीशी, आणि तिथला पडदा अर्धा उघडा.

पहिला आठवडा वाईट गेला. टोपलीत ओवायचे लाकडी मणी ठेवले होते. एक डबी कलंडली, मणी फरशीवर टणटणत गेले आणि तीन झोपलेली मुलं दचकून रडत उठली. मणी काढले, कापडाचे तुकडे ठेवले. एका मुलाला टोपली मिळाली, की दुसरं झोपाळू मूलही ‘मला पण’ म्हणून जागं राहायला बघायचं. मग टोपल्या दिसणार नाहीत अशा ठेवल्या. दोन-तीन आठवड्यांत घडी बसली. ताईंचा तासही वाचला, कारण “डोळे मीट, हलू नकोस” म्हणत फिरण्यात आमचा निम्मा वेळ जायचा, हे तोवर आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

पालकांनो, संध्याकाळी शाळेत न्यायला गेलात, की आपण विचारतो, “झोपली होती का?” त्याऐवजी विचारा, आडवी झाल्यावर झोप लागायला किती वेळ लागला, आणि नंतर तिला उठवावं लागलं का. रोज पाऊण-पाऊण तास लोळून मग डोळा लागत असेल, सुट्टीच्या दिवशी न झोपताही मूल संध्याकाळी हसतंखेळतं राहत असेल, आणि शाळेच्या दिवशी मात्र रात्री झोप लांबत असेल, तर तिची दुपारची झोप सुटत चालली आहे असं समजायला हरकत नाही. तेव्हा ताईंना जाऊन स्पष्ट सांगा. भांडू नका, त्यांच्या तासाची काळजी तुम्हालाही आहे हे कळू द्या. आणि दुपारची झोप सुटली, की रात्रीची वेळ अर्ध्या-पाऊण तासानं अलीकडे आणा, नाहीतर एकूण झोपच कमी पडेल. हे पालकांकडून हमखास राहून जातं.

एक मात्र आहे, झोप एका दिवसात सुटत नाही. चार दिवस मूल टक्क जागं असतं आणि पाचव्या दिवशी पेंगतं. असं कित्येक महिने चालतं. ती दशांना पीळ घालणारी मुलगीही तशीच होती. टोपली मिळायला लागल्यावर ती बहुतेक दुपारी खिडकीशी बसून चित्रं काढायची. एका दुपारी बघते तर खडू हातात, गाल कागदावर, आणि ती गाढ झोपलेली. सकाळी सर्दीनं नाक वाहत होतं तिचं. आम्ही पडदा ओढला, खडू काढून घेतला, अर्धा-पाऊण तास झोपू दिलं आणि मग हलकेच जागं केलं. वहीत वेळ लिहिली, दोन वाजून दहा ते तीनला पाच कमी. आई न्यायला आली तेव्हा ती तिला दाखवली आणि सांगितलं, आज रात्री हिला अंथरुणावर जरा उशिरा घाला.

नमस्कार.